डब्यातला डोंगर

श्रोतेहो, आपल्या छंदाविषयी चार शब्द बोला, असे आकाशवाणीच्या मंडळींनी मला सांगितले, तेव्हा मी थोडा संकोचलो. छंद म्हटला की लोकांना पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, फार तर गुलाबाची कलमे आठवतात. चाळीस वर्षे शाळेत भूगोल शिकवून घरी बसलेला, सत्तरी ओलांडलेला माणूस खेळण्यातल्या आगगाडीसाठी डोंगर करतो, हे चारचौघांत सांगायला धीर लागतो. अमरावतीला आमच्या घरी पाहुणे आले, की आमचे कुटुंब त्या खोलीचे दार हळूच ओढून घेते. पण आता तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तेव्हा दार उघडतो.

याची सुरुवात पुण्याला झाली. तेथे कोथरुडात जोशी यांचे छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे, १९९८ पासूनचे. नातवाला दाखवावे म्हणून गेलो. नातू अर्ध्या तासात कंटाळला आणि बाहेर भेळ मागू लागला. मी मात्र दीड तास कठड्याला धरून उभा होतो. सिग्नल पडतो काय, गाडी थांबते काय, बोगद्यातून निघून दुसरी धावते काय! परतीच्या गाडीत, बडनेरा येईपर्यंत, माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. हे सगळे जर टेबलावर होऊ शकते, तर आपला धूळघाट का होऊ नये?

धूळघाट म्हणजे काय, हे जुन्या वऱ्हाडकरांना सांगायला नको. नव्यांसाठी सांगतो. अकोल्याहून अकोट, हिवरखेड, वान रोड असे करीत मीटरगेजची गाडी सातपुडा चढून खंडव्याला जात असे. रुळांचा हा दुवा १९६० च्या सुमारास पुरा झाला आणि उत्तरेचे मीटरगेज दक्षिणेच्या मीटरगेजला जोडले गेले. जयपूर आणि काचीगुडा यांच्यामधली मीनाक्षी एक्सप्रेस याच वाटेने धावे. मेळघाटच्या जंगलात, आपल्या धारणी तालुक्यात, धूळघाटापाशी चढ असा आहे की सरळ रूळ टाकले तर इंजिनाला तो झेपायचा नाही. म्हणून इंजिनियरांनी रुळांना एक पुरे वेटोळे दिले. गाडी डोंगराला वळसा घालून येई आणि ज्या रुळांवरून आली त्यांच्याच डोक्यावरून पुलाने पलीकडे जाई. लोक त्याला चारचा आकडा म्हणत. इंग्रजी चार नव्हे हो, आपला, बाराखडीच्या वहीतला. कागदावर काढून पाहा: एका हाताने खाली यायचे, तळाशी गोल फिरायचे आणि पहिली रेघ ओलांडून दुसऱ्या हाताने वर जायचे. रूळ नेमके तसेच होते.

२०१७ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी ही मीटरगेज बंद झाली. अकोला ते अकोट मोठे रूळ झाले आणि २०२२ च्या नोव्हेंबरात त्यांवर गाडीही सुरू झाली. पुढचा मार्ग मात्र वाघांच्या जंगलातून न नेता बाहेरून वळवावा, असे ठरले. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. माझे मत विचाराल तर मी वाघांच्या बाजूचा आहे. पण वाघांच्या बाजूचा असूनही माणसाला चुकचुकल्यासारखे होतेच. त्या वेटोळ्यावर आता गाडी यायची नाही. ज्यांनी खिडकीतून डोके बाहेर काढून आपल्याच गाडीचे शेपूट खाली पाहिले, ती माणसे आहेत तोवर ते वेटोळे आहे.

काही जण विचारतात, मग शकुंतला का नाही केली? शकुंतला माझीही आवडती. मुर्तिजापूरहून एका अंगाला अचलपूर ७६ किलोमीटर, दुसऱ्या अंगाला यवतमाळ ११३ किलोमीटर, आणि रूळ अवघे अडीच फुटी. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले तिचे इंजिन १९२३ मध्ये कामाला लागले, ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबत होते. पण शकुंतला कपाशीतून जाणारी बाई. तिला सपाट फळी, काळी माती आणि चार बाभळी पुरेत. डोंगर हवा तो धूळघाटालाच. आणि आजचे माझे बोलणे डोंगराविषयी आहे.

आधी मापे. माझी गाडी एकास सत्याऐंशी या प्रमाणातली, रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. हे माप विलायतेतल्या रुंद रुळांचे झाले. मीटरगेजसाठी खरे तर सुमारे बारा मिलिमीटरचे रूळ हवेत. ते महाग पडतात आणि सहज मिळत नाहीत. जाणकार नाक मुरडतील, तेवढा गुन्हा मला कबूल आहे. फळी सहा फूट बाय चार फूट. तिच्यावर ४५ सेंटिमीटर अर्धव्यासाचे वेटोळे बसते आणि त्याचा घेर भरतो सुमारे २८० सेंटिमीटर. पुलाखालून गाडी सुटायला ७ सेंटिमीटर मोकळी उंची हवी, पुलाची जाडी दीड सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात साडेआठ सेंटिमीटर चढायचे. तेहतिसास एक असा हा चढ पडतो. माझे इंजिन तीन डबे घेऊन कुरकुरत चढते. चौथा जोडला की चाके जागच्या जागी फिरतात. हे गणित मांडून झाले आणि मग वेटोळ्याच्या पोटात डोंगर उभा करायची वेळ आली.

पहिला डोंगर मी आपल्या पिढीला ठाऊक असलेल्या रीतीने केला. पश्चिम महाराष्ट्रातली मुले दिवाळीत किल्ला करतात, तीच रीत: विटा, गोणपाट, वरून चिखल. चिखलाऐवजी मी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी वाकवली आणि तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या चिंध्या पसरल्या. डोंगर देखणा झाला. पण श्रोतेहो, आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात आणि त्या बसतात त्याच खोलीत. घरच्या बायकांनी फर्मान काढले, की खोली दोन दिवसांत मोकळी झाली पाहिजे. चार माणसांनी फळी उचलली. तिसऱ्या पायरीवर एकाचा हात सुटला, आणि पुलाच्या खालच्या अंगाला डोंगराला अशी चीर गेली की तीतून जाळी दिसू लागली. त्या दिवशी मला कळले, की भाड्याच्या बिऱ्हाडासारखा आपला डोंगरही उचलता आला पाहिजे.

त्यानंतर काही महिन्यांनी शेजारी नव्या खिडक्या बसवायला कारागीर आले. त्यांच्यापैकी एका पोराने डबा उलटा धरला, नळी चौकटीच्या फटीत घातली, आणि दुधाला उतू यावे तसा पिवळसर फेस फुगत बाहेर आला. तासाभराने तो हाताने दाबून पाहिला तर घट्ट. ‘हे काय रे?’ म्हणून विचारले. ‘फोम होय, काका. पीयू फोम.’ वाळलेला एक तुकडा त्याने माझ्या हातावर ठेवला. मुठीएवढा तो तुकडा, पण हातावर काही ठेवले आहे असे वाटेना. मी त्याच दिवशी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन डबा आणला.

हा फेस म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. पॉलियुरेथेन नावाचे हे द्रव्य १९३७ साली जर्मनीत ओट्टो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. आपल्या गाद्यांतला मऊ फोम, फ्रीजच्या भिंतीतला कडक फोम, बुटांचे तळवे, ही सारी त्याचीच भावंडे. डब्यात ते घट्ट द्रवाच्या रूपात, दाबलेल्या वायूबरोबर कोंडलेले असते. बाहेर आले की वायू त्याला फुगवतो. मग हवेतला ओलावा घेऊन ते घट्ट होते आणि घट्ट होता होता आणखी थोडे फुगते. हा ओलाव्याचा मुद्दा लक्षात ठेवा, माझे सारे रामायण त्याच्यापायी घडले. साडेसातशे मिलिलिटरच्या डब्यातून तीसपासून पंचेचाळीस लिटर फेस निघतो, असे डब्यांवर छापलेले असते. आपल्या हातून तितका निघत नाही, पण जो निघतो तो फार हलका. चाळीस लिटरांचा डोंगर जेमतेम एक किलोचा होतो. महालक्ष्म्यांना याहून सोयीचा डोंगर कोणता?

मी लागलीच कामाला लागलो. आणि वैशाखात लागलो, ही पहिली चूक. आपल्या अकोला-अमरावतीचा वैशाख तुम्हांला ठाऊक आहे. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. आणि हवा अशी कोरडी, की दोरीवर टाकलेले धोतर पिळता पिळता वाळते. डब्यावर स्पष्ट लिहिलेले असते, की ५० अंशांपेक्षा अधिक तापू देऊ नये. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत त्याहून कितीतरी अधिक तापते. तेव्हा दुकानातून डबा आणताना तो मोटारीच्या काचेपाशी ठेवून, मधल्या वेळात उसाचा रस प्यायला उतरू नका. डबा फुटेल. घरी आणल्यावर तो सावलीत ठेवावा आणि कामाआधी माठातल्या पाण्याच्या बादलीत थोडा वेळ बुडवून निववावा. फेस पंचवीस अंशांच्या आसपास शहाण्यासारखा वागतो. तापलेला फेस नळीतून पळत सुटतो, आवरत नाही, आणि फुगल्यासारखा होऊन मागून बसतो.

दुसरी चूक उतावीळपणाची. फळीवर वेटोळे तयार होते, आगपेटीच्या काड्यांचे खांब करून पूल उभा केला होता, रुळांवर चिकटपट्टी आणि पॉलिथिनच्या पिशव्या घातल्या होत्या. पॉलिथिनला हा फेस चिकटत नाही. बाकी जगात तो बहुतेक सगळ्याला चिकटतो. म्हटले, एकदाच काय तो डोंगर होऊन जाऊ दे. दोन डबे एकामागून एक वेटोळ्याच्या पोटात आणि पुलाच्या खांबांभोवती रिकामे केले. सकाळी पाहतो तो वर कडक पापुद्रा, टिचकी मारली की टकटक वाजणारा. मी खूष! दुपारी नातवाला बोलावले, म्हटले, ‘चल, आता याला आकार देऊ.’ सुरी घातली मात्र, आत सगळा चिकट राब! वरचा पापुद्रा झाला की आतल्या थराला हवेचा ओलावा मिळत नाही. तो तसाच कच्चा राहतो. आपली हवा आधीच कोरडी, तिने आणखी हात आखडला. आणि आम्ही कापून वाट करून दिली, तसा त्या कच्च्याला ओलावा मिळाला आणि तो नव्याने फुगू लागला. रात्री झोपलो. दुसऱ्या दिवशी खालचे रूळ फेसाखाली दिसेनासे झाले होते, पूल खांबांसकट बोटभर वर उचलला गेला होता आणि वरचे रूळ धनुष्यासारखे वाकले होते. नातू बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, ‘आबा, हा डोंगर आहे की फुलकोबी?’

माझ्या हातांचीही तीच गत. हातमोजे घातले नव्हते. ओला फेस अॅसिटोनने निघतो. एकदा वाळला की कशानेही निघत नाही, कातडी झिजेल तेव्हाच जातो. आठ दिवस मी बोटांना पिवळे डाग घेऊन बाजारात हिंडलो. भाजीवाली म्हणे, ‘गुरुजी, हळद कायले लावली?’

त्यानंतर जे शिकलो ते सांगतो. दोन बोटांहून जाड थर एका वेळी देऊ नये. थर देण्याआधी खालची जागा, आणि दिल्यानंतर फेसाचा पृष्ठभाग, इस्त्रीच्या कपड्यांवर मारतो तसा पाण्याचा बारीक फवारा मारून ओलसर करावा. काही तास थांबावे, मग दुसरा थर. उन्हाळ्यात खोलीत कूलर चालू ठेवला तर त्याची ओली हवा फेसाला मानवते. पावसाळ्यात तेवढीही गरज नसते. श्रावण-भाद्रपदात फेस निम्म्या वेळात बसतो. सुरी लावायची ती पुरा एक दिवस गेल्यावर. आणि डोंगराच्या पोटात सगळा फेसच भरायचा नसतो. टीव्ही-फ्रीजच्या खोक्यातून आलेला थर्मोकोल माळ्यावर पडलेला असतो. सजावटीचा थर्मोकोल २०१८ पासून आपल्या राज्यात बंद आहे, पण खोक्यातला तर घरात येतोच. त्याचे तुकडे रचून गाभा करावा आणि फेस वरच्या दोन-तीन बोटांपुरता घ्यावा. एकदा नळी चालू केली की डबा पुरा संपवावा लागतो, नाहीतर नळीत फेस बसून डबा वाया जातो. म्हणून मी उरलेला फेस शेजाऱ्यांच्या एसीच्या भोकात, गच्चीच्या फटीत भरून टाकतो. आळीत माझी आता तशी ख्याती झाली आहे.

एक गोष्ट गमतीत सांगण्यासारखी नाही. डब्यातला वायू पेट घेणारा असतो आणि तो हवेपेक्षा जड, म्हणजे जमिनीलगत पसरतो. माझी खोली देवघराला लागून. पहिल्या दिवशी मी दोन डबे रिकामे केले तेव्हा पलीकडे नंदादीप तेवत होता. काही झाले नाही, हे नशीब. आता काम सुरू करण्याआधी मी दिवा शांत झाला आहे का आणि गॅस बंद आहे का ते स्वतः पाहतो आणि दोन्ही खिडक्या उघडतो. दम्याच्या माणसाने ओल्या फेसाच्या जवळपास फिरकू नये. थर्मोकोल तापल्या तारेने कापतात, तसा हा फेस कापू नये; आणि कापलेले तुकडे शेकोटीत किंवा होळीत टाकू नयेत. त्याचा धूर विषारी असतो. तुकडे गोणीत भरून ठेवा, पुढच्या डोंगराच्या पोटात ते कामाला येतात.

तर असा दुसरा डोंगर मी थर देत देत केला. पूल जागेवर राहिला, गाडी खालून सुटली, वरून गेली. मला वाटले, जिंकलो. मग एके दिवशी आमच्याकडे एक गृहस्थ आले. नाव सांगत नाही, त्यांना ते रुचायचे नाही. रेल्वेत ते चावीवाले होते. चावीवाला म्हणजे रोज आपल्या वाट्याच्या रुळांवरून हातोडा घेऊन पायी जाणारा, सैल झालेल्या चाव्या ठोकून बसवणारा माणूस. त्यांची कित्येक वर्षे त्या घाटात गेली. त्यांच्या मुलाला मी शाळेत शिकवले होते, तेवढी ओळख. मी मोठ्या हौसेने दिवा लावला, गाडी सोडली. ते काही न बोलता पाहत राहिले. गाडी तीन फेऱ्या फिरली. मग म्हणाले, ‘गाडी बराबर हाय, मास्तर. पूलही बराबर हाय. पण हा डोंगर आपला नोहे.’

‘का हो?’

‘हा त ढग हाय. आपल्या डोंगराले पायऱ्या असतेत. खालून वर मोजत जा, पट्ट्यावर पट्टा. म्या रोज पायले हायेत.’

श्रोतेहो, मी चाळीस वर्षे फळ्यावर खडूने तेच लिहिले. दख्खनचे पठार लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाले, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. त्या खडकाला ट्रॅप म्हणतात, तो शब्दच पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. माथे सपाट, उतार पायरीपायरीचे; चिखलदऱ्याच्या कड्यावर उभे राहून समोर पाहिले की गाविलगडचे डोंगर असेच दिसतात, वहीतल्या रेघा ओढल्यासारखे. हे प्रश्नपत्रिकेत पाच गुणांसाठी विचारीत आलो, आणि स्वतः डोंगर करायला बसलो तेव्हा फेसाने जो आकार दिला तो मुकाट्याने घेतला. फेस आपल्या मर्जीने गोल गोल फुगतो. गोल डोंगर विलायतेत असतील. आमच्या सातपुड्यात नाहीत.

मी सुरी आणली. पावाच्या दुकानातली लांब, दातेरी सुरी या फेसाला उत्तम. बारीक कामाला लोखंड कापायच्या करवतीचे पाते. नाकाला फडके बांधले, कारण भुगा फार उडतो. चावीवाले खुर्ची ओढून बसले आणि बोटाने दाखवत गेले. इथे कडा सरळ उभा, इथे मातीचा उतार, पुन्हा कडा. ‘या दोघांच्या मधी तांबडी माती दिसते, विटेसारखी,’ ते म्हणाले. लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधला तो लाल पट्टा. तोही मी शिकवला होता. माथ्यावरचे गोल फुगवटे उभे कापून सपाट केले तेव्हा जवळजवळ पाव डोंगर जमिनीवर पडला. आमचे कुटुंब केरसुणी घेऊन दारात उभे राहिले, पण पाहुण्यांसमोर काही बोलले नाही. संध्याकाळपर्यंत ढगाचा सातपुडा झाला.

रंगरंगोटीचे थोडक्यात सांगतो. उघडा फेस उन्हात तपकिरी पडतो आणि त्याची भुकटी होते, म्हणून त्याला झाकावेच लागते. भिंतीच्या रंगात थोडे प्लास्टर कालवून पातळ लेप द्यावा, छिद्रेही बुजतात. त्याच्यावर पाणी घातलेला फेव्हिकॉल आणि त्याच्यावर खरी माती, वस्त्रगाळ केलेली. माती आधी तव्यावर भाजून घ्यावी, नाहीतर डोंगरातून किडे निघतात. पायथ्याला मी आपली काळी माती वापरली आणि तिने मला एक देणगी दिली. वाळताना ती आकसते, तशी फळीवरही तिला बारीक बारीक भेगा पडल्या, मार्च महिन्यातल्या शेतासारख्या. रंगाने हे कधी साधले नसते. झाडांसाठी गाजरगवत. शेतकऱ्याला त्याने छळले आहे, पण त्याचे वाळलेले तुरे उलगडले की पानगळीतल्या सागाची फांदी न् फांदी दिसते. मेळघाट हिरवागार दाखवण्याचा मोह मी टाळला. फाल्गुनात तो राखाडी-तपकिरी असतो आणि मध्येच कोठेतरी पळस पेटलेला. दोन पळस केले. तिसरा नातवाने गुपचूप लावला, तो तसाच राहू दिला.

गेल्या महिन्यात चावीवाले पुन्हा आले. या खेपेला बरोबर त्यांचा नातू होता, आमच्या नातवापेक्षा लहान. गाडी सोडली. चावीवाल्यांनी मला वेग कमी करायला सांगितले, आणखी कमी, माणूस चालतो तितका. इंजिन पुलावर आले तेव्हा त्यांनी नातवाला फळीच्या कडेशी वाकवले, त्याचे डोळे रुळांच्या उंचीला आणले. ‘आता खाली पाय,’ ते म्हणाले. पोराने खाली पाहिले. ‘आबाजी, खालीबी रूळ हाय!’ ‘हाय ना,’ चावीवाले म्हणाले, ‘आत्ताच तिकडून आलो आपण.’ ते आणखी काहीतरी सांगणार होते, पण गाडी वळणाआड गेली आणि पोरगे तिच्यामागे फळीच्या दुसऱ्या अंगाला पळाले.

जाताना त्यांनी एक उणीव दाखवली. पुलाच्या अलीकडे त्यांच्या गँगची विसाव्याची झोपडी होती, ती मी केलेली नाही. कशी होती म्हणून विचारले, तर म्हणाले, आठवून सांगतो, पावलांनी मोजलेली आहे. रविवारी ते यायचे आहेत. त्यांच्या पावलाची लांबी घेऊन मला ती ८७ ने भागायची आहे. तोवर पुलाच्या उजव्या अंगाला फेसात चार बोटे जागा सपाट करून ठेवली आहे.